सुनेच्या सायकलीची राखण

सिद्धेश्वर, ता. औंढा
८ जानेवारी २०२५

रागिणी,

पाकिटावर हाजराबीचं नाव पाहून तू हे पत्र फोडलं असशील. अक्षर माझं आहे, तुझ्या सासूचं. आता फोडलंच आहेस तर पुरं वाच. माझं नाव घातलं असतं तर तुझ्या भावानं, दत्तप्रसादनं, ते तुझ्या हाती पडू दिलं नसतं. हाजराबीला सांगितलंय, उत्तर आलं तर तिच्याच पत्त्यावर येईल. शेजार चांगला आहे, ती कुणाला बोलणार न्हाई.

फोन करून पाहिला. लागत न्हाई. आमच्या घरचे सगळे नंबर तू बंद केलेस असं भारत म्हणतो. नवऱ्याचा केलास ते तुमचं तुमी बघा, माझा काहून केलास ते कळलं न्हाई. सातवीनंतर एवढं लिहायची पाळी आली न्हवती, चुका काढत बसू नकोस.

भांडणाचं काही बोलायचं न्हाई. तुझ्या सायकलीचं बोलायचं आहे.

दिवाळीच्या आधी तू भावासंगं हिंगोलीला गेलीस तवा हात गळ्यात बांधलेला, सायकल कशी नेशील? ती ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावरून पडून तुझा हात मोडला म्हणून मी तिच्याकडं पाहतच न्हवते. त्या दिवशी मी माझ्या माहेरी साखऱ्याला होते, परत आले तर तू प्लास्टर घालून बसलेली. तर परवा झाडताना पाहिलं, दोन्ही चाकं बसलेली. म्हणलं, उभी राहून राहून हवा गेली असंल. भारतकडून हवा मारून घेतली. सकाळी पाहते तर पुन्हा जमिनीला, आणि हवा मारायच्या तोंडावरची टोपणंही गायब. हवा आपोआप जाते, टोपणं कुठं जातात?

खरं सांगते, पहिला संशय मला तुझाच आला. दवाखान्याच्या ज्या उपकेंद्रात तू सायकलीनं नोकरीला जायचीस, तिथल्या तुझ्या ओळखीच्या बाया इकडून येतात-जातात. एखादीला तू सांगितलं असशील, जरा खोडी करा, म्हणजे उद्या चार नातेवाइकांत तुला म्हणता येईल की सासूनं सायकलीची वाट लावली. तसं नसंल तर चांगलंच. पण माझ्या माथ्यावर मी हे घेणार न्हाई. एक तर सायकल घेऊन जा, न्हाईतर ती कशी ठेवायची ते मला नीट लिहून कळव. मी तशी ठेवीन. मग कुणाला बोट दाखवायला जागा राहणार न्हाई.

अनुसयाबाई


२२ जानेवारी २०२५

रागिणी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातही फक्त सायकल. हळदीला पाणी मिळालं का, सासरे कसे आहेत, एकाची खुशाली विचारली न्हाईस. असो.

लिहिलंस तसं सगळं केलं. उन्हातून काढली. चाकांवर भार नको म्हणून मधल्या दांडीला दोर बांधून ओसरीच्या आढ्याला टांगली. दोर बांधायला तुझे सासरे होते. मेंढरामागं फिरलेला माणूस, गाठ पक्की मारतो. चैनीला तेल घातलं. मेणकापडानं घाम धरतो म्हणालीस, तर माझं जुनं सुती लुगडं पांघरलं. हाजराबी पाहायला आली आणि हसून हसून बसली. म्हणाली, "अनुसयाबाई, सुनेला कधी अशी पांघरून निजवली होती काय?" मी म्हणले, सून माणूस होती, तिला आपलं आपण पांघरता येत होतं.

पण ऐक. संक्रांतीनंतर लुगडं काढून पाहिलं तर शीट फाटलेलं. पहिल्यांदा बकरीवर गेले मी. पण टांगलेल्या सायकलीला बकरी कशी पोचंल? मग म्हणलं उंदीर. उंदीर दोरावरून येतो. पण उंदरानं कुरतडलं तर कडा चाव्या-चाव्याची होते, भुसा खाली पडतो. हे सरळ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टरबूज चिरावं तसं. आणि लुगड्याला एक भोक न्हाई. उंदीर काय पांघरूण उचलून, काम करून, पुन्हा नीट झाकून गेला?

तुझ्या सासऱ्यांना विचारलं. त्यांना ओसरीत हळदीची पोती टाकायची होती, सायकल आड येते म्हणून कुरकुर चालू होती त्यांची.

"तुमीच केलं न्हाई ना?"

"मी? मला काय शीट शिजवून खायचं हाय?"

"पोत्याची सुतळी कापायचा चाकू तुमच्याच खिशात असतो."

"अगं, चाकू साऱ्या गावाच्या खिशात असतो. मीच टांगायची आणि मीच फाडायची व्हय?" एवढं बोलून ते मेंढरामागं निघून गेले, भाकरीही घेतली न्हाई. त्यांचं तोंड पाहून वाटलं, हा माणूस खोटं बोलत न्हाई. मग कोण?

भारतला सांगितलं तर तो म्हणला, "जुनं शीट होतं, तडकलं असंल." तडकलेलं मला कळतं. आता सायकल आतल्या कोठीच्या खोलीत नेते. तिथं ऊन न्हाई, ओल न्हाई. कुलूप लावते. चावी देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला.

अनुसयाबाई


१२ फेब्रुवारी २०२५

रागिणी,

घरात भांडण झालं ते तुझ्या कानावर कुणी न् कुणी घालणारच, त्यापरीस मीच सांगते. शीतल आली होती माहेरपणाला. तुझी नणंद कशी आहे तुला ठावूक, जीभ तिखट, मन तिखट न्हाई. तिनं मागं एकदा तुझी सायकल तिच्या पोरीसाठी मागितली होती आणि तू दिली न्हाईस. ती आल्यावर दोन दिवसांनी कोठीत पाहते, तर पुढच्या चाकाच्या तारा वाकवलेल्या. कुलूप जसंच्या तसं.

मी सरळ विचारलं. शीतल आधी हसली, मग तिला कळलं की मी खरंच विचारून राहिले.

"आई, मी चोर हाय व्हय?"

"चोर म्हणले न्हाई. चावी तुला ठावूक होती एवढंच म्हणले."

"चावी या घरात कुणाला ठावूक न्हाई? माझ्याच मागं काहून लागलीस? घरात जो रोज असतो त्याला विचार की!"

पिशवी भरून दुपारच्या गाडीनं गेली. जाताना पाया पडली न्हाई. मी दारात उभी होते. पोरीला असं पाठवलं म्हणून जीव खालीवर झाला, पण तिचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. रोज घरात कोण असतं? मी, तुझे सासरे, आणि भारत.

खिळ्यावरची चावी काढून मी कमरेला लावली. आणि एक काम केलं. सायकल उन्हात घेऊन हँडलपासून कॅरेजपर्यंत ओल्या फडक्यानं पुसली. कुठं काय नवं मोडलं ते बघायचं म्हणून. सगळीकडं पाहिलं, रागिणी. रंग बराबर आहे. हँडलच्या टोकाचं रबर जसंच्या तसं. पायडलला खरचटा न्हाई, घंटीला पोचा न्हाई.

सायकलीवरून एवढं पडलीस की हात दोन जागी मोडला. मग सायकल काहून पडली न्हाई?

मी फक्त विचारून राहिले. भारत म्हणला होता, धरणाच्या उतारावर तोल गेला. तो उतार सगळा गिट्टीचा आहे. तिथं कोंबडी पडली तरी तिचं पीस खरचटंल.

काय झालं होतं ते मला लिही. मी कुणाला सांगणार न्हाई.

अनुसयाबाई


११ मार्च २०२५

रागिणी,

तुझं पत्र हाजराबीनं पदराखालून आणून दिलं. मी चुलीपुढं वाचलं. तू लिहिलंस, "हाताचं मला विचारू नका, तुमच्या मुलाला विचारा." आणि खाली लिहिलंस की भारतनं दत्तप्रसादला सांगितलंय, शीट आईनं फाडलं, तारा आईनं वाकवल्या, आई तुमच्या बहिणीच्या वाईटावर आहे.

ते वाचून माझी भाकर तव्यावर जळाली.

म्हणजे तू माझी पत्रं वाचत होतीस ती असं समजून, की मीच मोडते आणि मीच तुला कळवते. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. म्हणून रागावले न्हाई. पण माझ्या पोटच्या पोरानं माझं नाव घातलं, हे गिळायला मला दोन दिवस लागले. आणि त्याला मी काहीच बोलले न्हाई. बोलले असते तर तुझी पत्रं येतात हे त्याला कळलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त खुपते.

सायकल सुधरून राहिली.

हो, भारतच सुधरवून राहिला. हिंगोलीहून नवं शीट आणलं. तारा सरळ करून आणल्या. टोपणं आली, नवी घंटी आली. शेतात हळद काढायची घाई, ती शिजवायची कढई पेटलेली, माणसं मिळत न्हाईत, आणि हा बसून सायकलीला फडकं मारतो. घरात सगळ्यांशी गोड बोलतो. म्हणतो, "पाडव्याला रागिणी येते म्हणली आई. दत्तप्रसादनं शब्द दिलाय. तिची नोकरी चालू ठेवायची, सायकल चालवू द्यायची, सगळं मला कबूल."

तुझ्या सासऱ्यांचे डोळे भरून आले. म्हणले, "पोरगं वळणावर आलं." मीही म्हणले, चांगलं झालं. पण रागिणी, पोरगं माझं आहे, त्याचं गोड बोलणं मी लहानपणापासून ऐकलंय. खरंच गोड असतं तवा तो खाली बघून बोलतो. हल्ली तो माझ्या डोळ्यात बघून बोलतो.

परवा माझ्याकडून कोठीची चावी मागितली. "तुला कशाला रोजची तकलीफ, मी बघतो सायकलीचं." दिली. त्या कुलपाला दोन चाव्या आहेत, दुसरी माझ्या हळदीकुंकवाच्या डब्यात आहे, हे त्याला ठावूक न्हाई. मी सांगितलंही न्हाई.

निघताना म्हणला, "पहिल्याच दिवशी तिला म्हणणार हाय, धरणाच्या उतारावरून एक चक्कर मार, बघ किती हलकी पळते."

मोडत होती तवा मला फक्त राग येत होता. आता नीट झाली तर भीती वाटून राहिली. म्हातारपणी डोकं फिरलं म्हण हवं तर. पण पाडव्याची घाई करू नकोस.

अनुसयाबाई


२० मार्च २०२५

रागिणी,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई, वेळ न्हाई. हाजराबीचा नवरा नासेर मासळी घेऊन हिंगोलीला येतो, त्याच्या हाती देते. तुझ्याच हातात दे म्हणून बजावलंय.

पाडव्याला येऊ नकोस.

आधी ऐक, मग काय ते ठरव. काल दुपारी आमी सगळे कढईवर होतो. हळद उतरवायची वेळ झाली तरी भारतचा पत्ता न्हाई. पोतं शिवायचं दाभण घरी राहिलं म्हणून मी परत आले. कोठीचं दार आतून लोटलेलं. आतून दत्तप्रसादचा आवाज येत होता. मला वाटलं तुझा भाऊ आला. मागच्या खिडकीशी गेले.

भारत सायकलीपुढं उकिडवा बसला होता. फोन पिठाच्या डब्यावर मोठ्या आवाजात लावलेला. हातात पक्कड.

तुझा भाऊ विचारत होता, "सायकल नीट आहे ना? रागिणीचं सगळं त्या सायकलीवरच अडून बसलंय."

आणि भारत म्हणत होता, "नव्याहून नवी हाय. म्हणावं ये आणि बस. माझ्या हातानं केलंय सगळं." हे म्हणता म्हणता हँडलजवळची ब्रेकची वायर त्यानं वाकवली आणि पक्कड दाबली. जरा सोडली, पुन्हा दाबली. माणूस सुपारी कातरतो तशी, सावकाश. मग रबर मागं ओढून कापलेलं झाकलं.

मी ओरडले न्हाई. भिंतीआड झाले. तो गेल्यावर दुसऱ्या चावीनं कुलूप काढलं आणि रबर सरकवून पाहिलं. वायरीत बारीक तारा असतात ना, त्या साऱ्या तुटलेल्या, नुसत्या दोन-तीन राहिल्यात. पुढच्या ब्रेकचंही तसंच. वरून दिसत न्हाई. हलकं दाबलं तर ब्रेक लागतो. उतारावर जोरात दाबला की गेला.

रबर होतं तसं बसवलं, कुलूप लावलं, दाभण घेऊन शेतात गेले. कढईपाशी तो एकटाच जाळ सारत होता.

मी म्हणले, "ब्रेकच्या वायरीला काय केलंस?"

"टाईट केली."

"मी खिडकीत होते, भारत."

त्यानं लाकूड खाली ठेवलं. तोंडावर काही न्हाई, राग न्हाई, लाज न्हाई. म्हणला, "एकदा पडली की बसंल घरात. सायकल गेली की नोकरी गेली. पडल्यानं माणूस मरत न्हाई आई. मागं मेली काय?"

"मागं तरी ती पडली होती काय?"

यावर तो हसला. माझं उत्तर मला मिळालं.

हाजराबीच्या फोनवरून दत्तप्रसादला लावला. माझा आवाज ऐकल्याबरोबर तो म्हणला, "भारतरावांनी सांगितलंच होतं, पाडवा जवळ आला की तुमी काहीतरी काढणार." आणि ठेवून दिला. भारतनं किती आधी बांध घातला बघ. मी येऊ नको म्हणले की मीच खोटी ठरते.

म्हणून सायकल मी तुला आणून दाखवते. तुझ्या बोटानं बघ, मग माझ्यावर विश्वास ठेव न्हाईतर ठेवू नकोस.

अनुसयाबाई


साखरा, ता. सेनगाव
२५ मार्च २०२५

रागिणी,

मी माझ्या भावाकडं, मुंजाजीकडं आहे. त्या दिवशी तुमच्या दारातून सरळ सेनगावच्या गाडीत बसले. तू रबर सरकवून वायरीवर बोट फिरवलंस, सायकल आत घेतलीस आणि दार लावलंस. माझ्याशी एक शब्द बोलली न्हाईस. मी त्यासाठी आले न्हवते. पण तुमच्या दारापर्यंत मी कशी पोचले ते तुला ठावूक असावं, म्हणून लिहिते.

सकाळी भारत दूध घालायला गेला तवा मी कोठी उघडली. सायकल बाहेर काढताना तुझे सासरे मेंढरं सोडत होते. त्यांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं.

आता म्हणले, "अनुसये, ठेव ती. वायर बदलून टाकू. घरातलं घरात मिटवू."

"घरातच तर झालं सगळं."

"पोरगं आपलं हाय."

"ती बी कुणाची तरी हायच की."

ते वाटेतून बाजूला झाले न्हाईत आणि मला धरलंही न्हाई. काठी टेकून तिथंच उभे राहिले. मीच त्यांना वळसा घालून गेले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

नासेरच्या गाडीत मासळीचे डबे होते, त्यावर गोणपाट टाकून सायकल आडवी ठेवली, माझं लुगडं पांघरलं. मी पुढं बसले. गाडी स्टँडजवळ आली आणि भारतनं मोटरसायकल आडवी घातली. हॉटेलाबाहेर माणसं होती, हिंगोलीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाया होत्या.

"आई, उतर. लोक हसून राहिले."

"हसू दे."

"नासेरभाई, म्हातारीचं डोकं फिरलंय. सायकल खाली घ्या."

नासेर गाडीतून उतरला, पण हात मागं बांधून उभा राहिला. म्हणला, "तुझी माय हाय, भारत. तू बोल तिच्याशी. मी हात लावत न्हाई."

मग भारतनं आवाज चढवला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणला, बघा, सून पाडव्याला नांदायला येते तर हिला बघवत न्हाई, मी माझ्या हातानं सायकल नवीकोरी केली ती ही मोडायला चालली. बाया माझ्याकडं पाहू लागल्या. त्यांच्या नजरेत मी सासू होते. सासू म्हणलं की माणसं पुढचं विचारत न्हाईत.

रागिणी, मला भांडता येतं, पण त्या वेळी मी भांडले न्हाई. मी खाली उतरले. मागं जाऊन लुगडं काढलं. नासेरला म्हणले, भाऊ, एवढी खाली घे. त्यानं घेतली. सायकल मी भारतपुढं उभी केली.

"घे," म्हणले. "तुझ्या हातानं नवी केलीस. बस तिच्यावर आणि एवढा धरणाचा उतार उतरून दाखव. सगळ्यांच्या समोर. नीट खाली पोचलास तर मी घरी येते, तुझे पाय धरते, आणि रागिणीला स्वतः आणायला जाते."

त्यानं एकदा सायकलीकडं पाहिलं, एकदा माणसांकडं.

हॉटेलवाला म्हणला, "बस की भारत, काय झालं?" कुणीतरी हसलं. "घाबरला काय सायकलीला?"

त्यानं हँडल धरलं. मला वाटलं रागाच्या भरात बसतो की काय, आणि देवाशपथ सांगते, तो बसला असता तर मीच त्याला ओढून पाडलं असतं. माझ्या पोटचा आहे तो. पण तो बसला न्हाई. त्याचा अंगठा ब्रेकच्या रबरावर गेला आणि ते रबर सरकू नये तसा दाबून राहिला. हे मी पाहिलं आणि हॉटेलवाल्यानंही पाहिलं. त्याचं हसणं थांबलं. मग एकेक जण त्या अंगठ्याकडं पाहू लागला. सगळ्यांना काहीतरी कळलं होतं.

भारतनं हँडल सोडलं. मोटरसायकल सुरू केली आणि गावाकडं न जाता औंढ्याच्या रस्त्यानं गेला. ज्या बाया माझ्याकडं पाहत होत्या त्यातलीच एक पुढं आली आणि सायकल वर चढवायला हात लावला.

एवढंच. वायर बदलल्याबिगर बसू नकोस. नुसती घट्ट करून चालणार न्हाई, पुढची-मागची दोन्ही नवी घाल. जुन्या फेकू नकोस.

अनुसयाबाई


साखरा
५ एप्रिल २०२५

रागिणी,

तुझं पत्र काल आलं. या खेपेला चार ओळींचं न्हाई. मुंजाजीनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणले, लिहिलंय सुनेनं, आणि घराच्या मागं जाऊन बसले.

हात मोडला त्या दिवशी तू सायकल बाहेर काढत होतीस, भारतनं दार ओढलं, तुझा हात चौकटीत होता. आणि दार दुसऱ्यांदा ओढलं. हे दुसऱ्यांदाचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकदा चूक म्हणता येते.

तू लिहिलंस, पाडव्याला गेले न्हाई, आता पोलीस ठाण्यात जायचं ठरवलंय, वायरी पाहिल्यापासून दत्तप्रसादही संगं आहे. पण घरातलं कुणी पाहिलेलं सांगणारं न्हाई. पुढं तू काहीच मागितलं न्हाईस. मला ते कळतं. आईला पोराविरुद्ध बोल म्हणायचं कसं, म्हणून तू वाक्य अर्धंच सोडलंस.

परवा भारत इथं आला होता. बर्फीचा डबा घेऊन. वाकून पाया पडला. म्हणला, आई, चूक झाली, डोकं ठिकाणावर न्हवतं. घर खायला उठतं. तुझ्यासाठी खाटेला नवी नवार विणून घेतली, तुझी खोली पोतारून घेतली, पंखा बसवला. तू फक्त चल.

डोळ्यात बघून बोलत होता.

मुंजाजीची बायको म्हणली, किती करतोय पोरगा आईसाठी. मी म्हणले, चहा पी आणि जा. तो गेल्यावर मी रडले. खोटं कशाला बोलू, लई रडले. त्याला पहिल्यांदा चालायला शिकवलं ते आठवलं. पण त्याच्याबरोबर गेले न्हाई. तुझे सासरे त्याच्याजवळ एकटे आहेत, याचा घोर आहे. शीतलला फोन करून माफी मागितली, ती त्यांना काही दिवस तिच्याकडं नेते म्हणली. हाजराबीचं घरावर लक्ष आहे.

बुधवारी सकाळच्या सेनगाव गाडीनं मी हिंगोलीला येते. खिडकीतून काय पाहिलं, कढईपाशी तो काय बोलला, ते मी साहेबापुढं सांगते. सही करते. जबाब फिरवणार न्हाई.

ठाणं कुठं आहे मला ठावूक न्हाई. तुला घ्यायला येणं जमलं न्हाई तर मी विचारत विचारत जाईन, मला वाटेचं भ्या न्हाई. पण जमलं तर स्टँडवर ये. तिथं आत जाताना तू बाजूला असलीस तर बरं होईल.

अनुसयाबाई